पाणथळ तक्रार सेवा : पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन नकाशाचे

गावातलं तळं किंवा खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येतं ती दलदल, कुणी बुजवायला घेतलं, तर ते थांबवायची सोय सरकारनं करून ठेवली आहे. ती एका छताखाली मात्र नाही. महसूल, ग्रामपंचायत, वन, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), खारभूमी, पोलीस अशी दारं आहेत आणि प्रत्येक दारातला माणूस शेजारच्या दाराकडं बोट दाखवतो. ही सेवा मी ग्राहक म्हणून वापरली, अजून वापरतोय. मिक्सरचे आणि मिसळीचे रिव्ह्यू ढिगानं सापडतात. ह्याचा सापडला नाही, म्हणून लिहितो.

माझी ओळख कामापुरती. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शंकू-साखळी आणि प्लेन टेबलवर शिकलो, ईटीएस मशीन आलेलं पाहिलं, निवृत्तीच्या सुमारास उपग्रहावरून मोजणारे रोव्हर आले. राहायला खारेपाटात. ज्यांना खारेपाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पेण-अलिबागच्या मधला, धरमतर खाडीच्या अंगाचा सखल पट्टा. बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातशेती, बांधाला पाणी सोडा-अडवायच्या फळ्यांची दारं म्हणजे उघाड्या, आणि घरापुढं नाहीतर आळीपुढं तळं. तळ्यात जिताडा. पावसाच्या तोंडाला खाडीतून पिल्लं धरून आणायची, तळ्यात सोडायची आणि विसरून जायचं. जावई आला किंवा पोराच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली की जाळं टाकायचं. नळाला पाणी नसण्याबद्दल आमचा पट्टा प्रसिद्ध आहे, त्यामुळं भांडी-कपडे, गुरं, परसातली भाजी सगळं त्याच तळ्यावर.

असं एक तळं रस्त्याकडच्या कोपऱ्यातून बुजायला लागलं. रात्री डंपर येऊन रिकामे व्हायचे. खाली राडारोडा, फुटक्या टाईल्स, संडासाची भांडी. वर मुरुमाचा थर, दिसायला नीटस. तळ्याला लागून खाजण आहे, त्याच्याही कडेला तोच उद्योग. कारण सांगायला नको. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, त्याच वर्षी उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावं नव्या नगराच्या यादीत आली, आणि तेव्हापासून इकडं पाण्याखालच्या गुंठ्यालाही गिऱ्हाईक आहे.

आता एकेक खिडकी.

नकाशा. ह्याला चार तारे. माझंच खातं म्हणून नव्हे. ऑनलाइन गाव नकाशा उघडायचा, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, नंबर टाकायचा, हद्द समोर. बघायला पैसे नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत. ह्यातल्या नकाशासाठी लोक आमच्या टेबलापुढं ताटकळत उभे राहायचे, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्या टेबलाच्या आतल्या बाजूला मीच बसलेला होतो. तक्रारीत पहिली ओळ सर्व्हे नंबर किंवा गट नंबरची असली की निम्मं काम झालं. 'मारुतीच्या देवळामागचं तळं' असं लिहिलेला अर्ज कुणाच्याच अंगावर पडत नाही. देवळामागं तीन नंबर असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या मालकांचे.

फक्त एक ध्यानात ठेवा. हा हद्दीचा नकाशा आहे, पाण्याचा नाही. जुन्या कापडी गाव नकाशावर तळं निळ्या रंगात असायचं, पाळीच्या बारीक रेघा काढलेल्या असायच्या. स्क्रीनवर काळी रेघ आणि आत आकडा. पाणी शोधायचं तर मागं जावं लागतं: टिपण, फाळणी, आकारबंद, म्हणजे मोजणीचे आणि आकारणीचे जुने कागद. हे कागद भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात नकलेसाठी अर्ज करून मिळतात. आमच्या तळ्याचं टिपण मिळालं, त्यावर पाळ दाखवलेली आहे आणि साखळीचे आकडे आण्यांत आहेत. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. पोरांना हे सांगितलं तर हसतात. पण पाळ कुठून कुठवर होती हे आज सिद्ध करायला तोच आण्याचा हिशेब उपयोगी पडला, त्यांचा ड्रोन नाही.

सातबाऱ्यावर काय बघायचं? तळं तीन प्रकारचं असू शकतं. एक, सरकारी: गाव नमुना १-ब मध्ये असतं, आणि महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणं नाले, खाड्या, तलाव हे कुणाच्या खासगी मालकीचे नसतील तर सरकारचे. दोन, सरकारचं पण ग्रामपंचायतीकडं दिलेलं. तीन, खासगी सातबाऱ्यातलं, पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन म्हणून लिहिलेलं. पोटखराबातही अ आणि ब. ब म्हणजे रस्ता, नाला, तळं अशा सार्वजनिक कामाचं. हा एक अक्षराचा फरक मालकाला बरोबर माहीत असतो, तक्रारदाराला नसतो. ह्या तिन्हींचं दार वेगळं आहे, म्हणून आधी सातबारा, मग तक्रार.

उपग्रहाचा फोटो. पाच तारे, आणि हे आपल्या सरकारचं श्रेय नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ नावाच्या उपग्रहांपैकी एक ना एक पाच-पाच दिवसांनी डोक्यावरून जातो आणि त्याची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. त्याचा एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे बरोबर एक आर. आमच्या धंद्यातल्या माणसाला ह्याहून सोयीचं काही नाही. ठिपके मोजा, आर झाले. कडेचे ठिपके अर्धे पाण्यात अर्धे पाळीवर असतात, तेवढं सोडून द्यायचं. पावसाळ्यात ढगांशिवाय काही दिसत नाही, त्यामुळं जून ते सप्टेंबर ही सेवा बंद समजा. हे भरणीवाल्यांनाही कळलेलं दिसतं.

ह्या चित्रावर तारीख असते, आणि किंमत त्या तारखेची आहे. हरित लवादाकडं जायचं झालं तर वाद निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. फार तर साठ दिवस वाढवून मिळतात. समोरचा वकील पहिली गोष्ट हीच म्हणणार की भराव जुनाच आहे, गेल्या पिढीतला. तेव्हा अमुक तारखेला पाणी होतं आणि तमुक तारखेला नव्हतं, अशी दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवता आली पाहिजेत. मोबाइलवर काढलेल्या फोटोला तारीख असते खरी, पण तो व्हॉट्सॲपवरून चार जणांकडं फिरून परत आला की तारीख गळते. मूळ फोटो ठेवा.

सीआरझेडचा नकाशा. दोन तारे. किनारा नियमनाच्या अधिसूचना तीन: १९९१, २०११ आणि २०१९. नकाशे दोन मापांत: १:२५,००० आणि १:४,०००. पहिल्यावर एक मिलिमीटर म्हणजे पंचवीस मीटर. कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या झाडीच्या, भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टा त्यावर दोन मिलिमीटर भरतो, जाड स्केचपेनची एक रेघ. तुमचा गट त्या रेघेच्या आत की बाहेर, हे ज्याच्या हातात पेन आहे तो ठरवणार. गावपातळीवर वाद असेल तर १:४,००० चाच मागा. त्यावर एक मिलिमीटर चार मीटर, म्हणजे माणसाच्या मापाचं काहीतरी.

आमच्याकडं ह्यात एक खास गाठ आहे, ती बाहेरच्यांना सांगून पटत नाही. १९९१ च्या फेब्रुवारीआधी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीची रेघ त्या बांधापाशी थांबते असं अधिसूचना म्हणते. बांधाच्या आतली जमीन सीआरझेडच्या बाहेर. पण बांध फुटून खारं पाणी आत आलं आणि तिवर उगवले, तर तेवढा तिवरांचा भाग पुन्हा आत. म्हणजे उघाडीच्या फळ्या कोण टाकतो आणि कोण काढतो, ह्यावर जमिनीची जात बदलू शकते. उघाडी वेळेवर उघडली नाही की आतलं पाणी सडतं. ती कायमची बंद केली की खाजण सुकतं, दोन उन्हाळ्यांत भेगा पडतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'इथं कुठाय पाणी?' भरणी करायला डंपरच लागतो असं नाही, फळ्या पुरतात.

आता मूळ सेवा, म्हणजे तक्रार आणि पाहणी. इथं एकच तारा आणि तोही एका तरुण माणसाच्या पदरात. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. अर्ज लिहिला, नंबर, टिपणाची नक्कल, उपग्रहाची चित्रं जोडली. पोच मिळाली. पोच घेणं ही सेवेतली सगळ्यात तत्पर पायरी आहे. मग अर्ज 'पुढील कार्यवाहीस्तव' ह्या कार्यालयातून त्या कार्यालयात गेला, तिथून 'आपल्या अधिकारक्षेत्रातील बाब असल्याने' परत आला. एकानं सांगितलं, तळं ग्रामपंचायतीचं बघा. दुसऱ्यानं सांगितलं, खाजणात तिवर आहेत, वनखात्याचं बघा. तिसरा म्हणाला, तिवर आहेत पण जमीन अजून वनखात्याकडं वर्ग झालेली नाही, महसूलचं बघा. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, हीच ह्या सेवेची मेख आहे. डंपरला मात्र अधिकारक्षेत्र लागत नाही. तो रोज रात्री येत होता.

शेवटी पाहणी ठरली. आमचे ग्राम महसूल अधिकारी आले. परवापर्यंत तलाठी म्हणायचो, पाटी बदलली आहे, आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो. मुलगा चांगला. दुपारी साडेबाराला, टळटळीत उन्हात खाजणाच्या कडेला उभा राहिला आणि पंचनाम्यावर लिहायला लागला की सदर जागा कोरडी असून पाण्याचा अंश आढळून येत नाही.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, आज तिथी कोणती?"

त्यानं मोबाइलमध्ये बघितलं. "अष्टमी. का काका?"

"आठ पाऊणे सहा. भरती सहाला. म्हणजे आत्ता पक्की ओहोटी. त्यात अष्टमीचा भांग, पाणी चढतच नाही वर. पुनवेला बाराला या, पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आत खाडीत थोडं उशिरा. चपला हातात घेऊन उभं राहावं लागेल."

तो हसला. पाऊणकी, म्हणजे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा पाढा, त्याच्या पिढीला शिकवलेली नाही, आणि तो मुळात घाटावरचा, भरती-ओहोटीशी त्याचा संबंध इथं नेमणूक झाल्यावरच आला. त्याला जमीन दाखवली. चिखल सुकून पापुद्रे सुटलेले, त्यावर मिठाचा पांढरा फुलोरा. खेकड्यांची बिळं, तोंडाशी ताज्या मातीच्या गोळ्या. एका डबक्यात निवटी, चिखलातला छोटा मासा, माणूस बघून टुणकन उडाली. आणि सगळ्यात महत्त्वाची ती कचऱ्याची रेघ: गवताच्या काड्या, थर्माकोल, बाटल्यांची बुचं, एका ओळीत, जणू कुणी दोरी धरून लावलेली. उधाणाचं पाणी जिथवर येऊन परत फिरतं तिथं तो कचरा राहतो. रेघ भरावाच्या पायथ्याशी जाऊन तुटत होती आणि पलीकडं पुन्हा सुरू होत होती. म्हणजे भराव रेघेच्या खाली घातला होता, पाण्यातच.

त्यानं लिहिलेलं खोडलं नाही. खोडू नये असंच मी सांगितलं, कारण खाडाखोड असलेला पंचनामा पुढं कुणी मानत नाही. त्यानं खाली एक वाक्य वाढवलं: 'पाहणी अष्टमी तिथीस ओहोटीचे वेळी करण्यात आली असून उधाणाच्या भरतीच्या वेळी फेरपाहणी आवश्यक आहे.' खेकड्यांची बिळं आणि मिठाचा थरही नोंदवला. पंचांच्या सह्या झाल्या. माझ्या मते ह्या सगळ्या फायलीतलं सर्वांत मौल्यवान वाक्य तेच. तुमच्याकडं पाहणी असेल तर कॅलेंडर बघून तारीख मागा, आणि मिळाली नाही तर निदान तिथी आणि वेळ पंचनाम्यात लिहून घ्या.

पाणथळाचे नियम. ह्यांना तारे देणं अवघड आहे, कारण वाचायला फार चांगले आहेत. २०१७ चे नियम पाणथळात भराव, अतिक्रमण, कचरा, पक्कं बांधकाम सगळ्याला मनाई करतात. पण व्याख्येतच वगळलेल्या गोष्टी बघा: नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी माणसानं मुद्दाम केलेले जलसाठे. आमच्या पट्ट्यात भातशेती, मिठागरं आणि जिताड्याची तळी सोडली तर राहिलं काय? देवळाचा कळस. शिवाय सीआरझेडमधल्या जागाही ह्या नियमांच्या बाहेर, त्यांना त्यांची वेगळी अधिसूचना. एका कार्यालयात मला ऐकवलं गेलं की तळ्यात मासे पाळता ना, मग ते मत्स्यपालनाचं, पाणथळ नव्हे. मी टिपण पुढं केलं. तळं जिताडा सोडण्याआधीपासून आहे. मासे पाळायला खोदलेलं तळं आणि असलेल्या तळ्यात सोडलेले मासे, ह्यात फरक आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. उत्तर अजून आलेलं नाही.

देशाच्या पाणथळांची यादी इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं उपग्रहावरून केली, सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांची. दोन लाख एक हजारांहून जास्त जागा त्यात आल्या, आणि त्यांना संरक्षण द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. ठाणे खाडी २०२२ मध्ये पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, नांदूर मधमेश्वर आणि लोणार त्याआधीच. चांगलंच झालं. तिथं रोहित म्हणजे फ्लेमिंगो आहेत, बोट आहे, फोटो आहेत. आमचं आळीचं तळं साडेपाच एकराचं नाही आणि त्यात रोहित उतरत नाहीत. बगळे, पाणकावळे, दोन-चार बदकं. असल्या लहान तळ्यांचा धनी ग्रामपंचायतीशिवाय कुणी नाही.

कोर्टांच्या आदेशांना मात्र मी पूर्ण तारे देईन. कांदळवनाची तोड आणि त्याभोवती पन्नास मीटरमध्ये बांधकाम, जमीन कुणाच्याही मालकीची असो, मुंबई हायकोर्टानं २००५ मध्ये थांबवलं आणि २०१८ च्या सप्टेंबरात कायमचं केलं. पाणथळांच्या तक्रारींसाठी कोकणात विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, तीही हायकोर्टाच्याच आदेशानं. गावच्या तळ्यावरचं अतिक्रमण काढा, ते नियमित करू नका, हा सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल, पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावरूनच आलेला. त्यानंतर आपल्याकडं जुलैमध्ये शासन निर्णयही निघाला. अर्जात ह्या निकालांचा उल्लेख करा. पानभर उतारे नकोत, एक ओळ. वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस पुढं जाऊ शकतो.

तरीही डंपर थांबला तो ह्यातल्या कशानंच नाही. थांबला मुरुमानं. गावातल्या एका पोरानं सुचवलं, "नाना, तळं राहू दे, मुरुमाची पावती विचारू या." मुरूम हे गौण खनिज. उपसायला आणि वाहून न्यायला रॉयल्टी भरलेला परवाना लागतो. तो नसेल तर महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त करता येते. तळं बुजवण्याच्या तक्रारीला पाय फुटत नव्हते, मुरुमाच्या तक्रारीला त्याच आठवड्यात चाकं फुटली. गाडी अडवली, पावती नव्हती, गाडी तहसीलच्या आवारात जाऊन उभी राहिली. त्या रात्रीपासून आमच्या कोपऱ्यात शांतता. राडारोड्याला कुणी विचारलं नाही. त्याला रॉयल्टी नाही ना! ज्यातून महसूल येतो तिथं यंत्रणा धावते. हे मी टीका म्हणून लिहीत नाही, वापरायची पद्धत म्हणून लिहितो.

ग्रामपंचायत. साडेतीन तारे. ह्याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. सरपंचताई नव्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांना वाटत होतं की तळ्याचं काही आपल्या हातात नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ दाखवलं: सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. ग्रामसभेत विषय घेतला. तिथं भरणीवाल्याचे भाऊबंदही बसलेले, त्यामुळं आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. एका आजींनी उठून विचारलं, "उद्या नळ गेला तर कपडे तुज्या घरी आणू काय रं धुवायला?" त्यावर ठराव झाला. गावातली सगळी तळी सर्व्हे नंबरासह, लांबी-रुंदीसह लिहून काढायची, सरकारी जागांवरचे भराव गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, चढवायला तलाठ्यांना लेखी कळवायचं. मोजायला मी गेलो, सोबत दोन पोरं, एक टेप आणि एक मोबाइल.

माझं मत विचाराल तर खरी सेवा ही आहे, आणि ती डंपर यायच्या आधी वापरायची आहे. भराव पडल्यावरच्या तक्रारीला सगळे कायदे असून जोर येत नाही, कारण आधी काय होतं हेच सिद्ध करत बसावं लागतं. ज्या तळ्याची नोंद आहे, ठराव आहे, तारखेचा फोटो आहे, त्याला हात लावताना माणूस दोनदा विचार करतो. महसूल संहितेत कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज आहे, खासगी जमिनीतले पाण्याचे, वाटेचे, मासेमारीचे गावाचे रिवाज लिहून ठेवायची तरतूद. खारेपाटात ह्याहून कामाचं कलम नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत ते कुणी मागायला आलं नाही.

एक गोष्ट भरणीवाल्यांच्या नव्हे, शेतकऱ्यांच्या बाजूनं लिहायलाच हवी. आमच्याकडं बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, वेळेवर दुरुस्ती होत नाही, आणि तीन-चार वर्षांत भाताच्या जागी तिवर उभे राहतात. खारभूमीचा कायदा १९७९ चा आहे, बांध सांभाळणं त्यात बसतं. शेतकरी पीक गमावतो, शेत गमावतो, आणि वैतागून तिवर तोडले तर गुन्हा त्याच्यावर. ज्याच्या डंपरचा नंबर रात्री कुणी टिपला नाही तो मोकळा, आणि ज्याची कोयती दिवसाढवळ्या दिसली तो आत. कांदळवन वाचलं पाहिजे ह्यात वाद नाही. राज्यानं त्यासाठी २०१२ मध्ये वेगळा कांदळवन कक्ष काढला, देशातला पहिला. पण खांड पडल्यावर बांध किती दिवसांत बुजवायचा, ह्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असायला हवी. पाणथळाच्या बाजूनं बोलणारे शहरातले लोक हा भाग गाळतात, म्हणून गावात त्यांचं कुणी ऐकत नाही.

माहिती अधिकाराची खिडकी बरी, तीन तारे. दहा रुपये, तीस दिवस. 'काय कारवाई केली' असं विचारू नका, 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येतं. फाइलची टिपणी पानं मागा आणि प्रत्यक्ष फाइल पाहायची परवानगी मागा. टिपणीत कोणी काय शेरा मारला ते सहीनिशी असतं. आमच्या फाइलीत एका पानावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'अर्जदार माजी कर्मचारी, काळजीपूर्वक हाताळावे.' त्याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, हे ठरवायचं अजून राहिलं आहे.

सध्याची स्थिती. फेरपाहणी पुनवेला झाली. भाऊसाहेबांनी पँट दुमडली, पाणी भरावाच्या तिन्ही बाजूंनी उभं होतं आणि तसा पंचनामा झाला. नव्यानं भरणी बंद आहे. जुना भराव आहे तिथंच. तो कुणी काढायचा, जेसीबीचं भाडं आधी कुणी भरायचं आणि मग अतिक्रमण करणाऱ्याकडून कसं वसूल करायचं, ह्यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार चालू आहे. दोघंही प्रत मला पाठवतात, न चुकता. आदेश निघाला तर इथंच खाली टाकीन आणि अर्धा तारा वाढवीन. जेसीबी प्रत्यक्ष आला तर एक.